झॅकीच्या उशाशी

मेलबर्न,
१२ जून १८८७

प्रिय टॅमसिन,

तुझे लोकरी मोजे पोचले. दोन्ही जोड एकावर एक घालून बसले आहे. पाय शुद्धीवर आहेत, बोटांचं सांगवत नाही. माझ्या खोलीत शेगडी नाही, म्हणून दिवसभर मी एफीच्या चित्रशाळेत येऊन बसते. एफी म्हणजे मिस लॉरी, चित्रकार. मागे लिहिलं होतं तिच्याबद्दल. तिच्या शेगडीजवळचं टेबल माझं, आणि त्या बदल्यात ती सांगेल तेव्हा मी हलायचं नाही. आतापर्यंत तिने मला कोळीण केलं, बायबलातली विधवा केलं, आणि एकदा तर संत पीटरची सासू. मी म्हटलं, "एकदा तरी तरुण काढ गं मला." तर म्हणते, "तरुण बायका गल्लीत पाहिजे तेवढ्या मिळतात. तू गप्प बस आणि हनुवटी खाली घे."

गुरुवारी दुपारी इथे मंडळी जमतात. तीन-चार चित्रकार, विद्यापीठात शिकवणारे एक, व्हायोलिन वाजवणारे एक जर्मन गृहस्थ, आणि मि. हॅविलंड. हे पुस्तकांवर लिहितात. ते बोलले की बाकीचे आपापली मतं खिशात घालतात. मला ते सगळे 'आमची खाणीतली विधवा' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, ओळख करून देतानाच म्हणतात. परवा एका नव्या बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही यांना खाणीत सापडलात?" मी म्हटलं, "हो, तांब्याबरोबर वर आले." सगळे हसले. मीही हसले. मग केक खाताना एकदम मून्टाच्या खाणवस्तीतलं वाचनालय आठवलं. खाणीतली पाळी संपवून येताना तुझा भाऊ झॅकी माझ्यासाठी पुस्तक आणायचा. कुठलं आणावं ते त्याला कळायचं नाही, म्हणून सगळ्यात जाड असेल ते उचलायचा. या लोकांना वाटतं मी खूप विचार करून वाचन केलं. मला प्रवचनंही येतात आणि घोड्यांच्या पायांचे रोगही, त्याचं कारण एवढंच.

माझ्या गोष्टीचं विचारलं होतंस. साप्ताहिकात दर शनिवारी एक भाग येतो. लोक वाचतात असं संपादक मि. डथी सांगतात. खाणीतला मार्क घर सोडून उत्तरेला सोनं शोधायला निघाला आहे, आणि त्याने नाताळच्या अंकात परत येऊन लग्न करावं असा त्यांचा आग्रह आहे. मार्क म्हणजे आपला झॅकीच, ते तुझ्यापासून काय लपवायचं. लिहिताना तो माझ्या टेबलासमोर बसलेला असतो. भाग छापायला गेला की उठून जातो. मग सोमवारपर्यंत मी नव्याने विधवा.

शेवट काय करायचा ते मला अजून कळलेलं नाही. झॅकीचा शेवट तरी आपल्याला कुठे कळला? त्याच्या सोबत्याने चार ओळी लिहिल्या होत्या: उत्तरेला पामर नदीच्या वाटेवर ताप आला, थांबता येत नव्हतं, परत येऊन पाहिलं तर संपला होता, वाटेच्या कडेला पुरला. बारा वर्षं मी त्या चार ओळींना पाचवी जोडायला बघते आहे.

आईंना यातलं काही कळू देऊ नकोस. झॅकीने एकदा कादंबरी आणली होती ती त्यांनी चुलीत घातली, आठवतं ना? "न झालेलं झालं म्हणून सांगायचं ते खोटंच. पुठ्ठ्यात बांधलं म्हणून काय खरं होतं?" त्या घरात बायबल चालतं आणि वर्तमानपत्र चालतं. तेवढंच चालू दे.

तुझी,
मॉर्वेना

*

मून्टा,
२७ जून १८८७

प्रिय मॉर्वेना,

संताची सासू झालीस की गं! संत पीटरच्या सासूलाही ताप आला होता आणि ती बरी झाली होती, म्हणजे तू एफीला सांग, निदान ताप उतरल्यावरची काढ म्हणावं.

इथे सगळं आहे तसंच. टाकीत पाणी बोटभर, आकाशात ढग नाही. खाणीचं इंजिन रात्रंदिवस धापा टाकतंय. मी शिवते आहे. आईच्या डोळ्यांतले मोतीबिंदू आणखी दाट झालेत. माझा चेहरा दिसत नाही, पण भांड्याला राहिलेली राख बोटाने बरोबर सापडते.

तुझा अंक आठवड्याने का होईना, येतो. मला मोठ्याने वाचल्याशिवाय समजत नाही हे तुला माहीत आहे. तेव्हा आईच्या कानावर थोडंफार पडतं, त्याला माझा इलाज नाही. ती काही बोलत नाही. शेजारचे हॉस्किन काका दारात उभे राहून ऐकतात आणि विजार शिवून झाली का म्हणून विचारायला आलो असं सांगतात. त्यांची विजार मी ईस्टरच्या आधी दिली आहे.

एक चूक काढू का? तू मार्कला शिट्टी वाजवत डोंगर उतरवलंस. झॅकीला शिट्टी येत नव्हती. पुढच्या दातात एवढी फट, हवाच निघून जायची. लहानपणी मी त्याला चिडवायची, "वाजव की, वाजव की," आणि तो नुसता फू-फू करायचा. तू कशी विसरलीस?

बाकी तो चांगला चालला आहे. आई परवा विचारत होती, त्याच्या पायाच्या फोडांचं काय झालं. मागच्या अंकात फोड आले होते ना.

मि. डथींचं ऐक. लावून टाक लग्न. बिचारा किती महिने चालतोय.

तुझी,
टॅमसिन

*

मेलबर्न,
१७ जुलै १८८७

प्रिय टॅमसिन,

तुझ्या पत्रातलं शिट्टीचं वाचलं आणि हातातला कप खाली ठेवला. तू सांगितल्याबरोबर फट आठवली. फू-फू आठवलं. मग ही शिट्टी माझ्याकडे आली कुठून? दोन दिवसांनी एफीचा एक चित्रकार मित्र जिना चढत आला, तीच शिट्टी वाजवत. मी त्या माणसाची शिट्टी माझ्या नवऱ्याच्या तोंडात घातली होती. कळलं नाही, बोचलं नाही, छापूनसुद्धा आलं.

त्या दिवसापासून मी जुने भाग काढून बघते आहे. मार्कचं टोपी मागे सरकवणं झॅकीचं आहे. चहाच्या कपावर बशी झाकून वाट बघत बसणंही. पण नदीकाठी तो तारे बघत लांबलचक बोलतो, ते कोणाचं? झॅकी तारे बघून एवढंच म्हणाला असता, "उद्या ऊन तापणार." ते बोलणं मि. हॅविलंडांचं आहे गं. मी त्याला रोज लिहिते आणि रोज थोडा पुसते. डोळे मिटले तर आता मार्क दिसतो. झॅकी त्याच्या मागे कुठेतरी उभा असतो, गर्दीत मागे राहिल्यासारखा.

म्हणून ठरवलं. मार्क मरणार. झॅकी मेला तसाच, पामरच्या वाटेवर, एका खोपटात, तापाने. खरं झालं तेच लिहायचं, निदान तेवढं तरी त्याचं राहील. गेल्या गुरुवारी मी तो भाग वाचून दाखवला. मि. हॅविलंड उठून उभे राहिले. "अखेर!" म्हणाले. "लग्न म्हणजे दुकानातल्या पोरींसाठी साखर. ही खरी कला." सगळ्यांनी मान डोलावली. जर्मन गृहस्थांनी डोळे पुसले. फक्त एफी ब्रश धुता धुता म्हणाली, "मॉर्वेना, त्या खोपटात कोणीच नाही."

मी म्हटलं, "नव्हतंच कोणी."

"तसं नाही," ती म्हणाली. "तोही नाही."

तिचं खरं आहे. मी ताप लिहिला, माश्या लिहिल्या, तहान लिहिली. माणूस लिहिता आला नाही. तरी तोच भाग देणार आहे, ऑक्टोबरात येईल. आई गोष्ट म्हणून ऐकत असतील तर त्यांना आधी सांग, म्हणजे एकदम कानावर आदळायला नको. फोडांची चौकशी केली याचं हसू आलं. त्यांना गोष्टीची गोडी लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

तुझी,
मॉर्वेना

*

मून्टा,
२८ जुलै १८८७

मॉर्वेना,

मारू नकोस त्याला. आधी हे वाच, मग माझ्यावर काय रागवायचं ते रागव.

मी तुला अर्धंच सांगितलं होतं. आईच्या कानावर 'थोडंफार' पडत नाही. मी तिच्यासमोर बसून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते. आणि ती गोष्ट आहे असं मी तिला सांगितलेलं नाही. पहिला अंक आला तेव्हा तिने विचारलं, "हे काय?" कादंबरी म्हटलं असतं तर तो चुलीत गेला असता. आणि मला तुझं लिहिलेलं वाचायचं होतं गं, मला दुसरं आहे काय. मी म्हटलं, "वर्तमानपत्र आहे, आई. उत्तरेकडची हकीकत आहे." "वाच मग," म्हणाली.

तिसऱ्या भागात तो बशी झाकतो. आईचे हात विणकामाच्या सुयांवरच थांबले. त्या दिवसापासून तिने नाव घेतलेलं नाही. पण शनिवार आला की म्हणते, "त्याचं काय आलं?" मार्कचं म्हणत नाही, 'त्याचं' म्हणते. आणि गेले काही शनिवार ती मांस-बटाटा भरून भाजलेली एक पास्टी जास्त करते आहे. गेल्या शनिवारी मी झाकण काढून बघितलं. आमच्याकडे प्रत्येकाच्या पास्टीच्या कोपऱ्यावर त्याचं अक्षर असतं, तुझ्याही हाताला ती सवय आहे. एकीवर आईचा, केझायाचा के, एकीवर टॅमसिनचा टी. तिसरीवर झेड.

तिला वाटतंय तो जिवंत आहे. वाटेत आहे, येतो आहे.

मंगळवारी चॅपेलच्या मंडळीत प्रत्येकीने उभं राहून आठवड्यात मनाचं काय झालं ते सांगायचं असतं. मी इतके मंगळवार उभी राहते आणि सांगते, "देवाच्या कृपेने ठीक." परवा बाजूच्या बाई म्हणाल्या, "टॅमसिन, तुझं आपलं नेहमीच ठीक असतं बाई, आम्हालाही दे थोडं."

आता तू त्याला मारलंस तर मला ते तिच्यासमोर बसून वाचावं लागेल. एकदा ती बातमी मीच वाचली होती, त्या चार ओळी. दुसऱ्यांदा वाचणार नाही मी. लग्न लाव त्याचं. तुझ्या गुरुवारच्या लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

टॅमसिन

*

मेलबर्न,
१० ऑगस्ट १८८७

टॅमसिन,

तुझं पत्र वाचून मी तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. एफीने दार लावून घेतलं, एवढ्यावरून समज. तू माझ्या नवऱ्याला जिवंत केलंस आणि मला कळवलंही नाहीस.

मग रात्र गेली, राग गेला. मीही तेच करत होते, आठवड्याच्या आठवड्याला. तू निदान एका म्हातारीसाठी केलंस.

दुसऱ्या दिवशी मि. डथींकडे गेले आणि म्हटलं, लग्न लावते. ते खुर्चीतून उठले. "मिसेस पास्को, मी सांगत होतो!" गुरुवारी मि. हॅविलंडांना कळलं. ते म्हणाले, "केक किती मजली करणार? वाचकांना आमंत्रण आहे का?" विद्यापीठवाले म्हणाले, "बाई शेवटी बाईच." मी ऐकून घेतलं. त्यांच्या मताची मला एके काळी किती भूक होती, टॅमसिन. मून्टाला मी भांडी घासताना त्यांच्यासारख्या माणसांशी मनात वाद घालायची. आता ती समोर बसतात, आणि मला घासायला एखादं भांडं मिळालं तर बरं असं वाटतं.

पण लग्न लिहिता येत नाही. चार वेळा बसले. तो परत येतो इथवर जमतं. दार उघडतं. दारात बाई उभी आहे. ती मी आहे, आणि तिला काय बोलायला लावू? "एवढा उशीर का केलास," एवढंच येतं. आणि ते वाक्य मी एकदा लिहिलं की बाकीचं पान भिजतं.

दुसरं एक. समजा मी लिहिलं. नाताळात तो घरी आला, घंटा वाजल्या, खाली 'समाप्त'. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी? तू आईंना काय वाचून दाखवशील? त्या दाराकडे कान लावून बसतील. छापलेला माणूस आला, मग खरा कुठे राहिला म्हणतील. मेलेला मुलगा एकदाच जातो. न आलेला रोज येत नाही.

तू त्यांना खरं सांग. भीती वाटत असेल तर मी येते आणि सांगते. आधी सांग, मग मी शेवट लिहीन, तुम्ही म्हणाल तो. मि. डथींनी सप्टेंबर अखेरपर्यंत मुदत दिली आहे.

मॉर्वेना

*

मून्टा,
२४ ऑगस्ट १८८७

पोरी मॉर्वेना,

अक्षर टॅमसिनचं, बोलणं माझं. ती रडते आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. शाई फिसकटली तर तिला बोल, मला नाही.

तिने मला काल सगळं सांगितलं. माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, जणू माणूस मारून आली आहे. मी तिला म्हटलं, ऊठ, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मला दिसत नाही, पण मी खुळी नाही. हकीकत म्हणे! हकीकतीत माणूस कुठे गेला ते असतं. जाताना त्याच्या मनात काय आलं ते कोण छापतं? आणि कपावर बशी झाकून बायकोची वाट बघणारा नवरा अख्ख्या वसाहतीत एकाच घरात होता. त्या घराचं पाणी मी भरत होते.

मी गप्प बसले. गोष्ट आहे हे मला ठाऊक आहे असं म्हटलं असतं, तर ती मला बंद करावी लागली असती. मला बंद करायची नव्हती. टॅमसिनने तिचं खोटं सांभाळलं, मी माझं. एका टेबलावर बसून. मंगळवारी मी मंडळीत उभी राहीन आणि ते माझं म्हणून सांगेन. तिचं नाव घेणार नाही.

पास्टीचं विचारशील. त्याचं ऐकून झालं की हाताला काहीतरी करावंसं वाटायचं, म्हणून केली. अक्षर हाताने आपोआप काढलं. हॉस्किनने खाल्ली. वाया गेली नाही.

आता शेवटाचं. तो मेला हे मला माहीत आहे. माझी तीन मुलं मी या हातांनी धुतली, त्यांना स्वच्छ कपडे घातले, केस विंचरले, मग मातीला दिली. आमच्यात हे बायकांचं काम. ती तिघं मला दुखतात, पण ती निजलेली आहेत. हा उभा आहे. बारा वर्षं उभाच. कारण ह्याला मी धुतलं नाही. कोणी धुतलं नाही. ज्या कपड्यांत पडला त्याच कपड्यांत घातला असणार, धुळीत, बूट पायात.

(इथे आई जरा थांबली. मीही. — टॅ.)

लग्न लावू नकोस. त्याचं लग्न झालं आहे, तुझ्याशी, मी होते तिथे, आणि पाद्री उशिरा आला होता. त्याला मारतेस ते बरोबर आहे. पण तू लिहिलंस त्यात कोणी नाही, असं तुझी चित्रं काढणारी म्हणाली ना? ती शहाणी आहे. कोणी नाही, कारण तू आत जायला घाबरलीस.

मला आत ने. त्याच्या उशाशी बसव. कशी आले, बोटीने आले का घोडागाडीने, ते कोणी विचारलं तर आले म्हण. मी त्याच्या पायातले बूट काढीन, ते फोड बघेन. तोंड पुसेन. माझ्या देखत जाऊ दे त्याला. मग मी त्याला धुवीन आणि चांगला सदरा घालीन. सदरा कुठून आणला ते तू बघ, तू लिहिणारी आहेस. तूही ये. पण माझ्या मागे उभी राहा, मी त्याला तुझ्या आधी पाहिलं आहे.

हे सगळं झालेलं नाही. मला माहीत आहे. तरी लिही.

केझाया पास्को

*

मेलबर्न,
२ ऑक्टोबर १८८७

प्रिय आई, आणि प्रिय टॅमसिन,

उशीर झाला. आधी लिहून झालं, मग भांडून झालं, मग हे पत्र.

लिहायला एक दुपार लागली. एफीने मला त्या दिवशी हनुवटी खाली घे म्हटलं नाही. शेगडीत कोळसे घालत राहिली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी मागे राहिले, खोपटाच्या दारात. आई, तुम्ही त्याच्या बुटांच्या गाठी सोडत होता आणि पुटपुटत होता की याला गाठ कधी मारताच आली नाही. आणि तो हसला. फट दिसली. शिट्टीवाला नव्हता, ताऱ्यांवर बोलणारा नव्हता. तोच होता. किती वर्षांनी मी त्याला धड पाहिलं.

गुरुवारी वाचलं. मग मि. हॅविलंड म्हणाले, "बाई, एक शंका. ही म्हातारी तिथे पोचली कशी?"

मी म्हटलं, "पोचली."

"पण कशी? मध्ये अख्खा खंड आहे! तिला धड दिसत नाही. मागच्या भागात ती घरी चुलीपाशी आहे, या भागात पामरला. वाचक काय म्हणेल?"

"मला ठाऊक नाही, मि. हॅविलंड. मी लिहायला बसले तेव्हा त्या आधीच तिथे येऊन बसल्या होत्या."

ते हसले, पण एकटेच. जर्मन गृहस्थ उठले, माझ्याजवळ आले, मान लववली आणि टोपी घेऊन निघून गेले. नंतर कळलं, त्यांचा भाऊ कुठल्याशा लढाईत पडला होता आणि सापडला नव्हता.

मि. डथींशी जास्त जड गेलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मिसेस पास्को, एक ओळ घाला. तापाच्या भरात त्याला आई दिसली, एवढंच. मग सगळं जागेवर बसतं. मी तुमच्या मदतीला सांगतो आहे."

फार सोपं होतं, टॅमसिन. एक ओळ. मी लेखणी हातातही घेतली. मग वाटलं, ही ओळ लिहिली की त्या तिथे नव्हत्या असं होईल. पुन्हा खोपटात कोणी नाही असं होईल. मी म्हटलं, "त्याला ती नुसती दिसली असं नाही. ती होती."

"मग पुढच्या वर्षीची गोष्ट मला दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल," ते म्हणाले. "वाचकांची पत्रं मला उत्तरावी लागतात."

"द्या," म्हटलं.

छापलं मात्र जसंच्या तसं. येत्या शनिवारी. पुढे काय लिहीन, कुठे लिहीन, ठाऊक नाही. सोमवारची मी वाट बघत नाही आता, आणि समोरची खुर्ची रिकामी आहे. एफी म्हणते चित्रासाठी बस. बघू.

अंक पोचला की टॅमसिन, सावकाश वाच.

तुमची,
मॉर्वेना

*

मून्टा,
१९ ऑक्टोबर १८८७

प्रिय मॉर्वेना,

अंक सोमवारी आला. कपडे भिजवलेले होते, ते तसेच टबात टाकून बसलो. आईने आधी हात धुतले आणि डोक्याचा रुमाल बदलला, चॅपेलला जायचा बांधला. हॉस्किन काका आले होते. त्यांना तिने सांगितलं, "आज विजार नाही. घरी जा." ते बिचारे निमूट गेले.

मी सावकाश वाचलं. बुटांच्या गाठींपाशी ती "हं" म्हणाली. सदऱ्यापाशी तिने नुसतं विचारलं, "कुठला?" मी म्हटलं, लग्नातला. तू दारात आहेस तिथे तिने मान हलवली. त्याने डोळे मिटले, ती त्याला धुते, केस मागे विंचरते, सगळं वाचलं. माझा आवाज शेवटपर्यंत राहिला, कसा कोण जाणे. वाचून झाल्यावर कागद मांडीवर ठेवला. ती बसून होती. हात असे उताणे, ओले असल्यासारखे.

मग म्हणाली, "मी त्याला पाणी दिलं का?"

मी शोधलं. मॉर्वेना, ते तू लिहिलेलं नाहीस. त्याचे ओठ सुकलेत असं आहे, तहान आहे, पण पाणी नाही. तुझ्याकडून राहिलं. मी कागद पुन्हा तोंडासमोर धरला आणि वाचलं: "मग आईने त्याच्या मानेखाली हात घातला, त्याला जरासं उचललं, आणि भांडं ओठांना लावलं. पाणी गार होतं. तो घोट घोट प्यायला. संपल्यावर त्याने भांडं तिच्याकडे परत दिलं."

आई ऐकत होती. तिने तोंड माझ्याकडे वळवलं.

"हे मॉर्वेनाने लिहिलेलं नाही," म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

"मग तेवढं परत वाच."

टॅमसिन